भिंतीसमोरचा पाट

माझी बायको वासंती गेली त्याला पाच महिने झाले. डेंग्यू झाला आणि नऊ दिवसांत सगळं संपलं. तिच्यामागे दोन गोष्टी माझ्याकडे राहिल्या, तिचा फोन आणि घरामागची शेड. फोन मी बंद करून कपाटात ठेवला. शेड तशी ठेवता येत नव्हती, कारण तिथे रोज सकाळी सात वाजता सहा बायका कामाला येऊन उभ्या राहायच्या.

आम्ही आनेकलचे. घर मराठी, पण आमचे लोक इकडे कानडी मुलुखात कधी आले ते मला नीट सांगता येत नाही. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काम केलं. पंप जुळवायची लाइन होती, शेवटची बारा वर्षं मी तिचा सुपरवायझर होतो. त्या काळात वासंतीने घरामागे पत्र्याची शेड घालून चपात्यांचं काम सुरू केलं होतं. सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला रोज सातशे चपात्या जायच्या. मोठं काम ते एकच, दुपारी थोडं किरकोळ. चपात्या साडेअकराला तिथे पोचायच्या आणि गरम असायच्या.

चार वर्षांपूर्वी रिटायर झाल्यावर मला वाटलं, आता शेडमध्ये बसून तिला मदत करावी. तिने मला मालाची तीनचाकी गाडी दिली. चपात्या पोचवायच्या, येताना पीठ आणायचं, पोचल्यावर तिला फोन करायचा. मी म्हणायचो, "पोचलो." ती म्हणायची, "सरी." म्हणजे कानडीत बरं. एवढंच बोलणं. शेडमध्ये मला बसू दिलं नाही. ते मला लागलं होतं. पण मी बोललो नाही, आणि तिनेही कारण सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी तिच्या पाटावर जाऊन बसलो. गाडी भाड्याच्या ड्रायव्हरला दिली. पहिले दोन महिने काम आपोआप चाललं. बायकांच्या हातांना सवय होती. मी नुसता बसून असायचो आणि मला ते बरं वाटायचं. ती ज्या आवाजात रोज बसत होती त्याच आवाजात मी बसलो आहे, असं वाटायचं.

मग मला त्या शेडमधल्या चुका दिसायला लागल्या.

निदान मला त्या चुका वाटल्या. सिद्धी म्हणून एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची. तिच्याइतकं भराभर लाटणारं मी कोणी पाहिलेलं नाही. तिचा पाट वासंतीने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी ती भिंतीकडे बघत लाटायची. तिच्या पाठीला पाठ लावून सोयराबाई बसायच्या. त्या साठीच्या पुढच्या आहेत, लाटतात बरं, पण तोंड एक क्षण बंद नसतं. पीठ मळायला दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी, एकाच घरातल्या. चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांना वासंतीने एका परातीच्या दोन बाजूंना, समोरासमोर बसवलं होतं. तव्यावर गौरम्मा, जी प्रत्येक चपाती तीनदा उलटून बघते. आणि वासंतीच्या अगदी शेजारी, दुसऱ्या तव्यावर हर्षिता. हर्षिता सगळ्यात हळू. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात होती, तिथे हात चालत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला काढलं होतं. तिचं निम्मं लक्ष चपातीवर आणि निम्मं इकडेतिकडे.

माझ्या लाइनवर कोणी अशी माणसं बसवली असती तर मी त्याला दुसऱ्या दिवशी हलवला असता.

मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि एकेकीचा वेळ घेतला. तीन दिवस लिहून काढलं. मग पाट हलवले. सिद्धीला भिंतीपासून उचलून मध्ये आणलं. गौरम्माचाही हात लाटण्यात जलद निघाला, म्हणून तिला सिद्धीच्या समोर बसवलं. सोयराबाईंना मागच्या कोपऱ्यात एका तव्यावर, म्हणजे बोलायला कोणी नको. जावांना दोन वेगळ्या पराती दिल्या. हर्षिताला डबे भरायला पाठवलं. कारखान्यात आम्ही असंच करत होतो आणि ते बरोबर यायचं.

एका आठवड्यात शेड बिघडली. सिद्धी आणि गौरम्मा समोरासमोर बसल्यावर सिद्धीचा हात दुप्पट चालायला लागला. लाटलेल्या चपात्यांचा ढीग वाढला, तव्यावर तेवढ्या भाजून होईनात, आणि ढिगातल्या चपात्या एकमेकींना चिकटल्या. त्या सोडवून परत गोळे करायचे. गौरम्मा इतकी घाबरली की प्रत्येक चपाती उचलून उजेडात बघायला लागली. सोयराबाई कोपऱ्यात गप्प बसल्या आणि त्यांच्या तव्यावर चपात्या करपल्या. जावांपैकी एकीचं पीठ सैल, एकीचं घट्ट. मी प्रत्येकीला जाऊन सांगायचो, असं नाही, तसं करा. त्या "सरी, अण्णा" म्हणायच्या. शेडमध्ये बोलणंच बंद झालं.

आम्ही एका महिन्यात दोनदा उशिरा पोचलो. दुसऱ्या वेळी पाऊण तास.

शनिवारी काम संपल्यावर श्वेता आली. ती त्या कंपनीत माणसांचं खातं बघते, कॅन्टीनही तिच्याकडेच आहे. मूळची पुण्याची, सर्जापूर रोडला राहते. वासंतीला ती काकू म्हणायची. ती फोनवर सांगू शकली असती, पण स्वतः आली. येत्या शुक्रवारी वरचे लोक वेळ बघणार आहेत, त्या दिवशी आणखी एकदा उशीर झाला तर ते काम दुसरीकडे देणार आहेत, तिच्या हातात राहणार नाही, असं तिने सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

सगळ्या बायका ऐकत होत्या. हे काम गेलं की शेड बंद होणार हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. त्यांना निदान बोम्मसंद्र्याला कुठेतरी कामं मिळाली असती. माझ्याकडे वासंतीचं चालू असलेलं असं तेवढंच होतं.

मी श्वेताला माझी वही दाखवली. एकेकीचा वेळ, नवी बैठक. तिने नीट वाचली आणि म्हणाली, "काका, यात स्पीड आहे. पण माणसं कुठेयत?"

त्यांच्या ऑफिसात टीम करताना ते आधी स्वभाव तपासतात, असं तिने सांगितलं. कोणाला माणसांत करमतं, कोणाला एकटं बरं वाटतं, कोण काळजी करतं, कोण नेटकं आहे, कोण नमतं घेतं, कोणाला नवीन काही आवडतं. मग कोणाशेजारी कोण हे ठरतं. प्रश्न तिच्या फोनमध्येच होते. ती म्हणाली, आत्ता करून बघू, अर्धा तास लागेल. तिने एकेक वाक्य मराठीत वाचायचं, बायकांनी बोटं दाखवायची. अगदी खरं असेल तर पाच, मुळीच नसेल तर एक.

मला तो पोरखेळ वाटला. पण माझ्या वहीने काय केलं होतं ते समोर दिसत होतं, म्हणून मी दारात उभा राहिलो.

श्वेताने वाचलं, मी काम वेळेवर करते. सहा हात वर, पाच पाच बोटं. मला पटकन राग येतो. सगळ्यांचं एक बोट. मला माणसांत मिसळायला आवडतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि तीन बोटं दाखवली. मी दुसऱ्यांचं ऐकून घेते. पाच. जावांनीसुद्धा पाच. तीस वाक्यं झाली. श्वेताने फोनमध्ये बेरीज बघितली आणि कपाळाला हात लावला. तिच्या फोनप्रमाणे त्या सहाही जणी एकच बाई होत्या. आणि ती बाई फार गुणाची होती.

सोयराबाईंना हसू आवरेना. किती दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकत होतो. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, हे प्रश्न आम्हाला आयुष्यात एकदाच विचारलेत. बघायला आले होते तेव्हा. राग येतो का, माणसांत राहशील का, काम वेळेवर करतेस का. त्याची उत्तरं आईने पाठ करून घेतली होती. तीच दिली."

सगळ्या हसल्या. गौरम्मा पदर तोंडाला लावून हसली.

श्वेताने विचारलं, मग खरं कसं कळायचं?

"शेजारी विचारायचं," सोयराबाई म्हणाल्या. "माझी सासू मला बघायला आली तेव्हा आमच्या घरात चहा प्यायली आणि पाणी प्यायला म्हणून शेजारच्या घरी गेली. जे काय विचारायचं ते तिथे विचारलं. वासंतीअक्का तेच करायची. नवीन बाई आली की आठवडाभर रोज वेगळ्या बाईच्या शेजारी बसवायची. त्या नवीन बाईला ती एक शब्द विचारायची नाही. संध्याकाळी शेजारणीला विचारायची."

मला हे माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं मी त्या बाईबरोबर एका घरात राहिलो.

श्वेता फोन बाजूला ठेवून खाली पाटावर बसली. पिठाच्या पिशवीचा खाकी कागद तिने फाडून घेतला आणि पेन काढलं. मग तिने सिद्धीला गौरम्माबद्दल विचारलं.

"गौरम्मा कुलूप लावून बसस्टॉपपर्यंत येते," सिद्धी म्हणाली, "आणि परत जाऊन कुलूप ओढून बघते. रोज. एकदा बस सोडली तिने त्यासाठी."

गौरम्मा म्हणाली, "आणि तू? आपली बस दुसऱ्या बसच्या मागे राहिली तरी तुला चालत नाही. ड्रायव्हरला ओरडतेस."

मग कोणाला थांबवावं लागलं नाही. सोयराबाई गप्प असल्या तर त्यांना ताप आलाय समजावं, असं सगळ्यांनी मिळून सांगितलं. त्यांच्या गोष्टीला लय असते, त्या लयीत लाटणं चालतं, असं सिद्धी म्हणाली. "मागून त्यांचा आवाज आला की माझा हात स्वल्प सावकाश होतो. नाहीतर मी पळतच सुटते."

श्वेताने धाकट्या जावेला थोरलीबद्दल विचारलं. धाकटी आपल्या हाताकडे बघत राहिली. मग श्वेताकडे बघून म्हणाली, "तिच्यासारखं पीठ आमच्या घरात कोणाला मळता येत नाही. ती समोर असली की मला नीट मळावंच लागतं. तिने माझ्या पिठाला नाव ठेवलेलं मला चालणार नाही." पुढे म्हणाली, "हे तिला सांगू नका."

थोरली तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिने परातीत चिकटलेलं पीठ नखाने काढायला घेतलं.

शेवटी हर्षिताचं विचारलं. ती डब्यांपाशी मागे बसली होती.

"ही बोलत नाही," सिद्धी म्हणाली. "पण माझ्या घरी भांडण झालं असलं की सकाळी मी सांगायच्या आधी हिला कळलेलं असतं."

गौरम्मानेही मान हलवली. थोरली जाऊ, जी इतका वेळ गप्प होती, तीही बोलली. माझा हात दुखत होता ते माझ्या नवऱ्याला दिसलं नाही, म्हणाली. हिने आल्या आल्या माझ्या हातातलं पाण्याचं पातेलं घेतलं.

श्वेताने कागदावर सहा नावं लिहिली होती आणि त्यांच्यामध्ये रेघा काढल्या होत्या. जिला दुसऱ्याच्या पुढे जायचं असतं तिला दुसऱ्याचा ढीग दिसता कामा नये. पण मागून सोयराबाईंचा आवाज यायला हवा. जी दहादा खात्री करते ती तव्यावर हवी, म्हणजे कच्ची चपाती पुढे जाणार नाही. ज्या बोलत नाहीत पण एकमेकींपुढे कमी पडायला तयार नाहीत त्या समोरासमोर. ती पुटपुटत लिहीत होती. मग तिने मान वर करून विचारलं, "काका, काकू यांना कुठे बसवायच्या?"

मी तोंडाने सांगणार होतो, पण माझी नजर खाली गेली.

आठ वर्षं पाट त्याच जागी होते. भोवतीची फरशी तेला-पिठाने काळपट झाली होती आणि पाटाखालची पांढुरकी राहिली होती. मी पाट हलवले तरी खाली सात पांढरे चौकोन तसेच होते. मी रोज त्यांच्यावरून चालत होतो. श्वेता हातात कागद धरून उठली आणि चौकोनांवरून फिरायला लागली. भिंतीसमोर एक चौकोन, त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा. परातीच्या जागेच्या दोन बाजूंना दोन. तव्यापाशी गौरम्माचा. ती कागद बघायची, खाली बघायची, परत कागद बघायची. मी तिच्यामागून जात होतो.

मध्ये खांबाला टेकून वासंतीचा चौकोन. बाकी सगळे एकमेकांपासून हातभर लांब होते. वासंतीच्या शेजारचा हर्षिताचा चौकोन मात्र चार बोटांवर होता. इतक्या जवळ दोन माणसं बसली तर कोपराला कोपर लागतो. मी वासंतीच्या जागी खाली बसून बघितलं. तिथून प्रत्येकीचे हात दिसत होते आणि सिद्धी सोडून प्रत्येकीचा चेहरा. सिद्धीची मान दिसत होती. चार बोटांवरून हर्षितालाही तेच सगळं दिसलं असणार, दोन वर्षं, रोज चार तास.

"आम्ही याच्यासाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतो," श्वेता म्हणाली. "बाहेरून माणूस येतो. आणि तरी आमचं चुकतं. काकूंनी हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं?"

नव्हतं. वासंतीला लिहायचा कंटाळा होता.

मी खाली बसलेलाच होतो. मला एक विचारायचं होतं आणि इतक्या जणींसमोर ते जड जात होतं. तरी विचारलं. माझ्याबद्दल ती काय म्हणायची?

बायकांनी सोयराबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अण्णा, रागावू नका. अक्का म्हणायची, यांच्या हातात घड्याळ आणि रस्ता द्यावा. मिनिटाचा उशीर होणार नाही. पण घड्याळ घेऊन शेडमध्ये बसले तर आपण सगळ्या मरू."

सिद्धी फस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मलाही हसू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. वासंतीने मला बाहेर ठेवलं नव्हतं. तिने मलाही माझ्या जागेवर बसवलं होतं. आणि मी चार वर्षं ते मनात धरून होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही पाट परत चौकोनांवर ठेवले. सहा पाट बसले. सातवा, खांबापाशीचा, मोकळा राहिला. मी हर्षिताला म्हटलं की तिथे तू बस. ती नको म्हणाली. अक्काच्या जागी मी कशी बसू, माझा हात हळू आहे. मी तिला सांगितलं की तिथे जलद हात लागत नाही, लक्ष लागतं. ते मला अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं, पण मी ते फार दिवसांचं माहीत असल्यासारखं सांगितलं. तिच्या रिकाम्या तव्यावर सोयराबाईंची सून येईल असं ठरलं.

सोमवारपासून मी गाडी परत हातात घेतली. सोमवारी पाच मिनिटं उशीर झाला. मंगळवारी नाही. सोयराबाईंचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत यायला लागला.

शुक्रवारी सकाळी मी कपाटातून वासंतीचा फोन काढला. चार्ज केला आणि हर्षिताच्या पाटाशेजारी नेऊन ठेवला. सगळ्यांकडे तोच नंबर आहे, असं तिला सांगितलं. तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो चार बोटं आपल्याकडे ओढून घेतला.

दहा वाजता मी दारातून बघत होतो. सिद्धीची मान मला दिसत होती. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. हर्षिताला दिसलं. ती उठली, पाण्याचा तांब्या सिद्धीजवळ ठेवला, येता येता सोयराबाईंच्या कानाशी वाकली आणि परत येऊन बसली. सोयराबाईंनी चालू असलेली गोष्ट मध्येच सोडून दुसरी काढली, हळू आवाजाची. सिद्धीने लाटणं ठेवलं, पाणी प्यायली, डोळे पुसले आणि परत लाटायला लागली. तिला काय झालं होतं ते मला कळलं नाही. नंतरही मी विचारलं नाही. मी दारात उभा राहून नुसता बघत होतो. हे माझ्या घरामागे आठ वर्षं रोज होत होतं, आणि मी आधी पंप आणि मग मिनिटं मोजत होतो.

"अण्णा," हर्षिता म्हणाली. तिची मान वरही झाली नव्हती. "तुम्ही इथे काय करताय? डबे भरलेत."

साडेदहाच वाजले होते. मी डबे गाडीत चढवले. रस्त्याला गर्दी होती, पण ती कुठे असते आणि कुठून वळायचं हे मला माहीत आहे. अकरा वाजून वीस मिनिटांनी मी कॅन्टीनच्या मागच्या दारात होतो. तिथल्या माणसाने पहिल्या डब्याचं झाकण उघडलं आणि वाफ आली म्हणून चेहरा मागे घेतला. श्वेता जिन्यात उभी होती. तिने घड्याळ बघितलं नाही, माझ्याकडे बघून मान हलवली आणि वर गेली.

डबे उतरवून मी गाडीत बसलो. हात आपोआप खिशात गेला. तो नंबर मी पाच महिन्यांत लावला नव्हता. घंटी वाजली. पलीकडून लाटण्यांचा आवाज आला आणि सोयराबाई कोणाची तरी नक्कल करत होत्या ते ऐकू आलं.

"पोचलो," मी म्हटलं.

"सरी, अण्णा," हर्षिता म्हणाली. "येताना पीठ आणा. जरा जाडसर बघून आणा, थोरल्या अक्का म्हणतायत. आणि धाकट्या अक्का पण तेच म्हणतायत."